उथळ पाण्यातील नौका : तळाची घडण आणि पंख्याचा बोगदा

कोकणातील खाड्यांचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. उधाणाच्या भरतीला जेथे मोठा मचवा सहज तरंगतो, तेथेच ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाणी आणि त्यापलीकडे चिखलाचा पट्टा उरतो. घाटमाथ्यावरील जलाशयांचेही असेच आहे. कोयनेच्या शिवसागरासारख्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठी वसलेल्या वाड्यावस्त्यांना लाँचचा आधार असतो. परंतु उन्हाळ्यात पाणी मागे हटले म्हणजे धक्का आणि लाँच यांतील अंतर वाढत जाते. अशा वेळी पैलतीरावरील आजारी माणूस, अडलेली बाळंतीण किंवा परीक्षेस निघालेली मुले यांना भरतीची अथवा पावसाळ्याची वाट पाहत बसता येत नाही.

यावर दोन उपाय संभवतात. पहिला, गाळ काढून पाणी खोल करणे. हा उपाय आवश्यक असला तरी खर्चिक आहे, आणि पावसाळ्यात नद्या पुन्हा गाळ आणून टाकीत असल्याने तो वारंवार करावा लागतो. दुसरा उपाय म्हणजे पाण्याच्या मानाने नौका घडविणे. त्यामागील शास्त्र गहन असले तरी त्याची मूलतत्त्वे कोणासही समजण्यासारखी आहेत. सार्वजनिक पैशातून नौका घेण्याचा निर्णय ज्यांना करावा लागतो, त्यांना ती ठाऊक असणे अगत्याचे आहे.

डूब म्हणजे काय?

नौका आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेत सर्वांनी अभ्यासलेला आहे. नौकेचा तळ पाण्याच्या पातळीखाली जितका खोल जातो, त्या खोलीस नौशास्त्रात ‘ड्राफ्ट’ म्हणतात. या लेखात तिला आपण ‘डूब’ म्हणू.

समजा, एक होडी ९ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे. पुढील व मागील टोके निमुळती असल्याने पाण्याच्या पातळीवरील तिचे क्षेत्रफळ लांबी-रुंदीच्या गुणाकाराच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे सुमारे १६ चौरस मीटर धरू. खाऱ्या पाण्यात ही होडी एक सेंटिमीटर अधिक बुडविण्यास सुमारे १६६ किलोग्रॅम भार लागेल. प्रत्येकी ६० किलोग्रॅम वजनाची २० माणसे बसली की १,२०० किलोग्रॅम भार पडेल आणि होडी सुमारे ७ सेंटिमीटर खाली जाईल. तितक्याच लांबीची, परंतु दीड मीटरच रुंद होडी त्याच माणसांनी साडेअकरा सेंटिमीटर खाली जाईल. म्हणजेच उथळ पाण्यासाठी तळ रुंद व सपाट हवा आणि नौकेचे स्वतःचे वजन शक्य तितके कमी हवे.

परंतु सपाट तळालाही किंमत मोजावी लागते. तळाखाली खोल उतरलेला कणा, म्हणजे होडीबांधणीतील ‘पठाण’, नौकेला सरळ मार्गावर ठेवतो. तो नसेल तर आडव्या वाऱ्याने नौका बाजूस सरकते. खाडीच्या मुखाशी, जेथे समुद्राच्या लाटा आत येतात, तेथे सपाट तळ लाटांवर आपटतो. शिवाय अशा नौकेत पाणी साचले तर ते रुंद तळावर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वेगाने धावते आणि कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून खाडीच्या आतील तरीसाठी योग्य ठरलेली नौका खुल्या समुद्रात नेणे सुरक्षित नव्हे.

पंख्याची अडचण

वल्ह्यांच्या अथवा शिडाच्या होडीत तळाचा प्रश्न सुटला की काम भागते. इंजिन बसविले की नवीन अडचण उभी राहते. नौकेला पुढे रेटणारा पंखा पूर्णपणे पाण्यात फिरला पाहिजे. सपाट तळाची डूब ४० सेंटिमीटर आणि पंख्याचा व्यास ४५ सेंटिमीटर आहे असे माना. पंखा तळाखाली पाच सेंटिमीटर जागा सोडून बसविला, तर नौकेला ९० सेंटिमीटर पाणी लागेल. तळ उथळ करून जे मिळविले, ते पंख्याने गमावले! त्यातून सर्वांत खाली असणारा भाग पंखाच झाल्याने खडक, जाळी आणि ओंडके यांचा पहिला आघातही त्यालाच सोसावा लागतो.

मग पंखा लहान का करू नये? कारण पंखा पाणी मागे ढकलून नौका पुढे नेतो. पुष्कळ पाणी सावकाश ढकलणे हे थोडे पाणी जोराने ढकलण्यापेक्षा स्वस्त पडते. पंख्याचा व्यास निम्मा केला की त्याने व्यापलेले क्षेत्र एक-चतुर्थांश होते. जागेवर उभ्या असलेल्या नौकेला तेवढाच रेटा देण्यासाठी आदर्श गणितानुसारही दुप्पट शक्ती खर्चावी लागते. भारवाहू तरीच्या बाबतीत ही इंधनाची उधळपट्टीच होय.

बोगद्याची युक्ती

या पेचातून सुटण्यासाठी तळालाच मागील बाजूस वर खोलगट भाग दिला गेला. उलट्या पन्हळीसारखा हा भाग तळाच्या मध्यापासून हळूहळू वर चढतो, पंख्याच्या जागी सर्वांत उंच होतो आणि मागे जाताना पुन्हा खाली वळतो. यालाच ‘बोगदा’ म्हणतात. पंखा या बोगद्यात बसविल्यामुळे त्याची खालची कड तळाच्या बरोबरीने राहते, तळाखाली उतरत नाही.

वरील उदाहरणात बोगद्याचे छत तळापासून सुमारे ४८ सेंटिमीटर उंच ठेवावे लागेल. म्हणजे बाहेरील पाण्याच्या पातळीहून ते ८ सेंटिमीटर वरच असेल. पंख्याचा काही भाग हवेत राहिला तर तो काम कसे करील, अशी शंका येणे साहजिक आहे. याचे उत्तर असे : पंखा फिरू लागला की बोगद्यातील हवा पाण्याबरोबर मागे फेकली जाते. आत पोकळी निर्माण होऊ पाहते आणि बाहेरील हवेच्या दाबाने पाणी वर चढून बोगदा भरून टाकते. थोड्याच वेळात सर्व पंखा पाण्यात फिरू लागतो. अशा रीतीने ९० ऐवजी ४० सेंटिमीटर डूब असलेल्या नौकेत तेवढाच मोठा पंखा बसविता येतो.

यासाठी एक अट कसोशीने पाळावी लागते. बोगद्याच्या छताची मागील कड पाण्याच्या पातळीखाली बुडालेली असली पाहिजे. नाहीतर तेथून हवा आत शिरते, पाणी उतरते आणि पंखा नुसताच गरगरतो. नौका रिकामी असताना मागील कड उघडी पडण्याचा संभव असतो. उलट ती अधिक खाली वाकविली तर भरलेल्या नौकेत बाहेर पडणाऱ्या पाण्याला अडथळा होतो. आल्फ्रेड यारो या ब्रिटिश नौकाबांधकाने यावर बिजागरीच्या झडपेचा उपाय योजला. भार कमी असेल तेव्हा झडप खाली ठेवावयाची आणि नौका भरली की वर घ्यावयाची, अशी ती व्यवस्था होती.

तैग्रिस नदीचा धडा

उथळ पाण्यातील नौकांचे महत्त्व किती, याचा एक दारुण धडा पहिल्या महायुद्धात मिळाला. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघालेल्या फौजेत सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तीत मराठा पलटणींचे जवानही होते. त्या प्रदेशात रस्ते वा लोहमार्ग जवळजवळ नसल्याने दाणागोटा, दारूगोळा आणि जखमी सैनिक या सर्वांची ने-आण नदीवरच अवलंबून होती. नदी वळणांची आणि ठिकठिकाणी उथळ. तीत चालतील अशा नौका मात्र गरजेच्या मानाने फारच थोड्या होत्या. नोव्हेंबर १९१५ मधील टेसिफोनच्या लढाईनंतर जखमींना दाटीवाटीने तराफ्यांवर घालून कित्येक दिवसांचा प्रवास करून बसऱ्यास आणावे लागले. पुढे डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे वेढली गेलेली फौज उपासमारीने जर्जर होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. १९१७ च्या चौकशी आयोगाने नदीवाहतुकीच्या अपुऱ्या साधनांवर ठपका ठेवला.

याच मोहिमेसाठी यारो यांच्या कारखान्यात ‘फ्लाय’ वर्गाच्या छोट्या लढाऊ नौका १९१५ मध्ये तयार करण्यात आल्या. सुटे भाग जहाजाने नेऊन त्यांची जुळणी आबादान येथे झाली. सुमारे ३८ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशा या नौकेची डूब अवघी ६० सेंटिमीटर होती आणि तिचा एकमेव पंखा बोगद्यात बसविलेला होता. त्यांच्याहून मोठ्या ‘इन्सेक्ट’ वर्गाच्या नौका ६२५ टनांच्या असूनही १.२ मीटर पाण्यात तरंगत. त्यांचे दोन्ही पंखे बोगद्यांत होते. शास्त्र उपलब्ध होते, कारागीरही होते; परंतु पुरेशा वाहतूक-नौका वेळेवर पोहोचल्या नाहीत. साधनांचा विचार मोहिमेच्या आरंभी न करता संकट कोसळल्यावर केला की काय होते, याचे हे उदाहरण प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे असे आहे.

बोगद्याच्या मर्यादा

बोगदा हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. त्याचे काही दोष मुळातच आहेत.

पहिला दोष तरणशक्तीचा. बोगद्याची पोकळी म्हणजे नौकेने गमावलेला आधार. अडीच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि पाण्याखाली सरासरी पाव मीटर उंच अशा बोगद्यामुळे मागील भागाचा सुमारे ३०० किलोग्रॅमचा, म्हणजे पाच माणसांच्या वजनाइतका आधार नाहीसा होतो. त्यात इंजिनही मागेच ठेवले तर नौका मागे बसते आणि डूब वाढून मूळ हेतूच विफल होतो. म्हणून नौकेचा मागील भाग भरघोस रुंद ठेवतात आणि इंजिन शक्य तितके पुढे घेतात.

दुसरा दोष पाण्याच्या प्रवाहाचा. बोगद्याचा चढ उभट असेल तर पाणी छताला धरून वाहत नाही. भोवरे उठतात, नौका थरथरते आणि शक्ती वाया जाते. चढ सौम्य व लांबट असणे, छत गुळगुळीत असणे आणि पंख्याची पाती व छत यांत थोडे परंतु सर्वत्र सारखे अंतर असणे, यांवर बांधणीचे यश अवलंबून असते.

तिसरा दोष मागे जाण्याचा. पंखा उलटा फिरविला की तो मागील बाजूने हवा ओढण्याचा संभव असतो आणि नौका लवकर थांबत नाही. धक्क्यास लावताना तांडेलाने याची जाणीव ठेवून वेग आधीच कमी केला पाहिजे. सुकाणूही पंख्याच्या मागील झोतात नीट बसविलेले हवे.

पंख्याला बोगदा हाच एकमेव पर्याय आहे असेही नाही. न्यूझीलंडमधील विल्यम हॅमिल्टन यांनी १९५० नंतरच्या दशकात तेथील उथळ, खडकाळ नद्यांसाठी पाण्याचा झोत मागे फेकणारी यंत्रणा विकसित केली. थायलंडमध्ये लांब दांड्याच्या टोकाला पंखा बसवून तो हवा तेव्हा उचलून घेण्याची रीत आहे. वेगवान हलक्या होड्यांना झोतयंत्र सोयीचे. परंतु मंद गतीने अधिक भार नेणाऱ्या नौकेला मोठा पंखा व बोगदा अधिक मानवतो.

उथळ पाणी आणि वेग

नौका उत्तम असली तरी उथळ पाण्याचा स्वतःचा एक नियम आहे. तळ आणि नदीचे पात्र यांतील चिंचोळ्या जागेतून पाणी वेगाने धावू लागते, तेथील दाब उतरतो आणि नौका आणखी खाली बसते. पाण्याच्या खोलीवरून लाटेचा कमाल वेग ठरतो : एक मीटर खोलीत तो ताशी सुमारे ११ किलोमीटर, तर दोन मीटर खोलीत सुमारे १६ किलोमीटर असतो. नौका या वेगाच्या जवळ जाऊ लागली की विरोध झपाट्याने वाढतो. इंजिन कितीही रेटले तरी इंधन जळते, काठावर लाटा आदळून माती ढासळते, पण गती फारशी वाढत नाही. अधिक अश्वशक्तीचे इंजिन मागण्यापूर्वी पाण्याची खोली मोजावी, हे यावरून स्पष्ट होईल.

आपले जलमार्ग

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ अन्वये देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय म्हणून घोषित झाले. त्यांत अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या कोकणातील नद्या व त्यांच्या खाड्या आहेत. गंगेवरील जलमार्गासाठी २०१८ मध्ये कमी डुबीच्या व अधिक भार नेणाऱ्या नौकांचे १३ प्रमाणित आराखडे खुले करण्यात आले. नदीनुसार नौका हे तत्त्व त्यामागे आहे. अंतर्गत जलवाहतुकीच्या यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि सुरक्षितता यांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे.

नौका घेण्यापूर्वी

ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांनी पुढील गोष्टी आवर्जून पाहाव्यात :

१. मार्गावरील पाण्याची खोली भर ओहोटीला, आणि जलाशयात मे महिन्यात, काठीने मोजून लिहून ठेवावी. भरतीचे माप उपयोगाचे नाही.

२. नौकेची डूब रिकामी असताना किती आणि पूर्ण भारासह किती, हे दोन्ही आकडे लेखी मागावेत. पंखा व सुकाणू त्यात धरले आहेत की नाहीत, हे विचारावे.

३. चाचणी पूर्ण भारासह, प्रत्यक्ष मार्गावर आणि ओहोटीच्या वेळी घ्यावी. तीत नौका मागे चालवून व थांबवूनही पाहावी.

४. इंजिन थंड ठेवण्यासाठी घेतले जाणारे पाणी गाळाने वा जलपर्णीने अडणार नाही अशी सोय असावी आणि बोगद्यात अडकलेला कचरा काढण्यासाठी वरून झाकणाची वाट असावी.

५. प्रवासीसंख्या नौकेवर ठळक रंगविलेली असावी आणि प्रत्येक प्रवाशासाठी तरणजाकीट असावे. कमी डूब म्हणजे अधिक माणसे बसविण्याची मुभा नव्हे.

६. मागणीपत्र तयार करण्यापूर्वी त्या पाण्यावर वर्षानुवर्षे होडी हाकणाऱ्या तांडेलाचे म्हणणे ऐकावे आणि आराखडा नौशास्त्राच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा.

शिक्षकांनाही या विषयाचा उपयोग आहे. परातीत पाणी घेऊन रुंद व अरुंद अशा दोन डब्यांत सारखीच वजने ठेवली, तर डुबीचा नियम पाचवीच्या मुलांनाही डोळ्यांनी दिसेल. काचेचा पेला पाण्यात बुडवून उपडा वर उचलला, तर बोगद्यात पाणी पातळीच्या वर कसे टिकते आणि पेल्याची कड पाण्याबाहेर येताच ते कसे निसटते, हेही समजेल.

नौकेची किंमत एकदाच मोजली जाते. तिच्या चुकीच्या निवडीची किंमत मात्र पैलतीरावरचे गाव प्रत्येक ओहोटीला मोजत राहते. म्हणून मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी ओहोटीच्या वेळी खाडीवर एक फेरी मारणे, हाच नौकाखरेदीचा पहिला टप्पा मानला पाहिजे.