पशुपालन पाठ : बदकाचा पाय दुखावला तर घरी काय कराल?



शेळीचा पाय मोडला तर आपण धावपळ करतो. बदक लंगडलं तर म्हणतो, "राहू द्या, होईल बरं." नाहीतर सरळ सुरी. म्हणून या वेळचा पाठ बदकाच्या पायावर आहे. कोंबडी पाळणाऱ्या ताईंनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी माझी चूक सांगते. सारंगखेड्यातल्या आपल्या एका गटातल्या ताईंकडे दोन बदकं आहेत. लेकीने हट्ट केला म्हणून आठवडे बाजारातून आणलेली. त्यातल्या मादीचं नाव गंगू. लेक शाळेतून आली की दप्तर टाकून आधी गंगूकडे जाते. एके सकाळी ताईंचा फोन आला, "गंगू पाय टेकवत नाही. सासूबाई म्हणतात, कापून टाका. पोरगी जेवत नाहीये. आते काय करू व माय?"

मी गडबडीत होते. न बघताच फोनवर सांगून टाकलं, "मुरगळला असेल. हळद-तेल लावा, कापडाची पट्टी बांधा." तिसऱ्या दिवशी घरी गेले तर पाय दुप्पट सुजलेला, बोटं गार. पट्टी सोडली, कोमट मिठाच्या पाण्याने पाय धुतला, तेव्हा दिसलं. नळीला नायलॉनचा बारीक धागा गुंडाळलेला होता, मासे धरायच्या जाळ्याचा. नदीकाठी असे तुकडे पडलेलेच असतात. सुजेमुळे धागा कातड्यात रुतला होता आणि वरून आमची पट्टी! तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी धागा काढला, औषध दिलं. पाय वाचला, पण बाहेरचं एक बोट वाळून गळून पडलं. गंगू आता थोडी लंगडते. पहिल्या दिवशीच नीट बघितलं असतं तर कदाचित बोटही वाचलं असतं.

म्हणून या पाठाचा पहिला नियम : आधी बघा, मग बांधा.

१. बघायचं कसं?

आपल्याकडे दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. जाणता माणूस घोडा घेताना आधी त्याला चालवून बघतो, मग पायाला हात लावतो. बदकाचंही तसंच करा. पकडण्याआधी दोन मिनिटं लांबून बघा. एकच पाय उचलून धरतंय की दोन्ही पाय लटपटतायत? पाय टेकवतं पण दुखतो, की अजिबात टेकवत नाही? की पाय भलत्याच दिशेला वळलाय?

पकडताना पाय किंवा पंख धरून कधीही उचलू नका. बदकाचे पाय अंगाच्या मानाने नाजूक असतात आणि बरीच बदकं पकडतानाच लंगडी होतात. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरा आणि काखेत घ्या. छाती मात्र आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो. छातीचं हाड हलतं तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. घट्ट दाबलं तर बदक हातातच गुदमरतं. लेकरांना हे नक्की सांगा.

मग दुसऱ्या कोणाला तरी पाय तपासू द्या. खालून वर जायचं :

- तळवा : काळी खपली, फोड, काटा, काच आहे का?
- बोटं : गरम की गार? रंग बदललाय का? हलकेच चिमटा घेतल्यावर पाय मागे घेतं का?
- नळी : धागा, केस, दोरा गुंडाळलाय का? पाय धुतल्याशिवाय हे कळत नाही.
- सांधा : मागे वाकलेला जो सांधा आपण गुडघा समजतो, तो खरं तर घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. घोटा सुजलाय का, गरम लागतो का?

प्रत्येक वेळी दुसऱ्या चांगल्या पायाशी तुलना करा.

२. ही जखम आहे की आजार?

एकच बदक, एकच पाय, बाकी खाणंपिणं ठीक असेल तर बहुतेक मार लागलेला असतो. पण :

- दोन्ही पाय लुळे, मान टाकलेली : सडकं पाणी किंवा मेलेलं जनावर याच्यातून विषबाधा झाली असू शकते.
- मादी पेंग्विनसारखी उभी राहते, कुंथते, शेपटी हलवते : अंडं अडकलं असेल.
- पिल्लांचे पाय वाकडे, घोटे सुजलेले : खाण्यात नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतंय. बदकाच्या पिल्लांना ते कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर बदकाची पिल्लं वाढवली की असं होतं. डॉक्टरांना विचारून औषध पाण्यातून द्या.
- एकाहून जास्त पक्षी आजारी, एकदम मरतूक, डोकं सुजलेलं, मान वाकडी : हात लावू नका!

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातल्या कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा तिथेच सापडला. २०२१ मध्ये तिथे तो पुन्हा आला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, कुटुंबं बसली. बदकांच्या अंगात हा विषाणू असूनही काही वेळा ती वरून ठणठणीत दिसतात. म्हणून मरतूक दिसली की पक्षी विकू नका, खाऊ नका, नदीत टाकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. लपवलं तर आपल्या एका घराचं नुकसान साऱ्या गावाचं होतं.

३. घरची शुश्रूषा

जागा : दुखावलेलं बदक वेगळं ठेवा, पण जोडीदार दिसेल असं. बदक कळपाचा पक्षी आहे, एकटं पडलं की खाणं सोडतं. मोठा खोका किंवा क्रेट घ्या. खाली गव्हाचं काड किंवा घडी केलेलं गोणपाट घाला. गुळगुळीत फरशी किंवा वर्तमानपत्र नको, पाय घसरून दुखणं वाढतं. अंथरूण रोज बदला. ओल्या घाणीत जखम चिघळते. खोका कुत्र्या-मांजराच्या तोंडाबाहेर ठेवा. उन्हाळ्यात सावलीत, थंडीत वाऱ्याच्या आड.

जखम धुणं : एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात सपाट दीड चहाचा चमचा मीठ. त्याने जखम सावकाश धुवा. मग पोव्हिडोन आयोडीन (मेडिकलवर मिळणारं तपकिरी औषध) पाण्यात मिसळून फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं करा आणि लावा. दिवसातून दोनदा. माशा बसू देऊ नका, अळ्या पडायला एक दिवस पुरतो.

धागा गुंडाळला असेल तर ओढू नका. बारीक कात्रीने कापा. कातड्यात रुतला असेल तर घरी खटपट न करता दवाखान्यात न्या.

तळव्याचा फोड : काळी खपली आणि तळवा सुजलेला असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात रोज १५ मिनिटं पाय बुडवा, पुसून कोरडा करा, आयोडीन लावा, मऊ पट्टी बांधा. खपली सुरीने कोरू नका. सूज वर चढली तर डॉक्टर. खडबडीत कोब्यावर आणि उंचावरून उड्या मारून हा फोड होतो, म्हणून जागाही बदला.

मोडलेला पाय : नळीचं हाड मोडलं असेल तर दवाखान्यात नेईपर्यंत आधार द्या. आधी मऊ कापड गुंडाळा, दोन बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या किंवा बांबूच्या गुळगुळीत चिपा ठेवा, वरून कागदी चिकटपट्टी. बोटं उघडी राहिली पाहिजेत. बोटं सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट आहे, ताबडतोब सैल करा. घरातला कापूस थेट जखमेवर लावू नका, तंतू चिकटतात. मांडीचं हाड मोडलं तर घरी बांधता येत नाही. बदक खोक्यात शांत बसवा आणि न्या. नीट बांधलेलं हाड साधारण तीन आठवड्यांत धरतं. तेवढा धीर लागतो.

खाणंपाणी : भांडी तोंडाजवळ ठेवा, लंगडत जावं लागलं की ते उपाशी राहतं. भरडलेला मका, ज्वारी, शिजवलेली डाळ, चिरलेला पालक. अंडी देणारी असेल तर शिंपल्यांचा चुरा. पाण्याची तपेली चोच आणि डोळे बुडतील इतकी खोल हवी, कारण बदक नाकपुड्या आणि डोळे पाण्यानेच साफ ठेवतं. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड अजिबात नको. बुरशीचं विष बदकाला कोंबडीपेक्षा फार लवकर मारतं.

एकाच जागी बसून छातीला घट्टे पडतात. दिवसातून तीन-चार वेळा उचलून बाजू बदला, मागची घाण धुवा.

पोहणं : जखम पूर्ण बंद झाली, पट्टी निघाली की घमेल्यात कोमट पाणी घ्या आणि सकाळच्या उन्हात पाच-दहा मिनिटं पोहू द्या. पाण्यात पायावर भार पडत नाही पण पाय हलतो, ताकद येते. मग टॉवेलने कोरडं करा. उघडी जखम असताना पाण्यात सोडू नका.

४. हे करू नका

- चुना, तंबाखू, रॉकेल, डेटॉल लावू नका. चुन्याने कातडं जळतं.
- तेल लावू नका. पिसांना तेल लागलं की ती पाणी धरतात आणि बदक गारठतं. मी सांगितलेलं हळद-तेलही त्याचसाठी चूक होतं.
- माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. डायक्लोफेनॅकने गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये देशात बंदी आली. पक्ष्याला कोणतं औषध आणि किती, हे वजन बघून डॉक्टरच ठरवतील.
- उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. डॉक्टरांनी औषध दिलं तर विचारा, "अंडी किती दिवस खायची नाहीत?" तेवढे दिवस अंडी खाऊ नका, विकू नका, बदकही कापू नका.

५. त्याच दिवशी डॉक्टर

हाड बाहेर आलंय, रक्त थांबत नाही, कुत्र्याने चावलंय, बोटं गार किंवा काळी पडलीत, दिवसभर काही खाल्लं नाही, जखमेला वास येतोय, अंडं अडकलंय : यातलं एकही असेल तर थांबू नका. गावच्या पशुसखीला बोलवा किंवा पशुसंवर्धनच्या १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा. बदक हवा जाईल अशा खोक्यात न्या, पिशवीत उलटं लटकवून नाही.

आणि एक कडू गोष्ट. सगळीच बदकं वाचत नाहीत. डॉक्टर म्हणाले की त्रासच होणार आहे, तर तेही ऐकायचं. लेकराला खोटं सांगू नका. "आपण प्रयत्न केला" हे त्यालाही समजतं.

६. नोंद ठेवा

आपल्याला रजिस्टरची सवय आहेच. एका पानावर रोज लिहा : तारीख, किती खाल्लं, विष्ठा कशी, सूज कमी की जास्त, पाय टेकवला का. गंगूची वही तिच्या छोट्या मालकिणीने लिहिली. नवव्या दिवशी लिहिलं होतं, "आज पाय टेकवला." डॉक्टरांनी ती वही बघूनच औषध बंद केलं.

खोक्यात तयार ठेवा : मीठ, पोव्हिडोन आयोडीन, स्वच्छ सुती कापड, कागदी चिकटपट्टी, बारीक कात्री, दोन-चार काड्या. सामान थोडकं आहे आणि घरात कोंबडी, शेळी सगळ्यांना कामाला येतं.

कोणी म्हणेल, एका बदकासाठी इतकं? ताईंनो, अंगणातलं बदक हा बाईचा स्वतःचा माल असतो. अंड्याचे पैसे कोणाला न विचारता तिच्या हातात येतात. आणि पैशापलीकडचंही आहे. गंगूच्या घरी सासूबाईच आता रोज संध्याकाळी नदीकाठचे धाग्याचे तुकडे वेचून आणतात. म्हणतात, "आपलं तर वाचलं, दुसऱ्याचं कशाला अडकू द्यायचं?"

बैठकीत चर्चेसाठी (दशसूत्री झाल्यावर १५ मिनिटं) :

१. आपल्या गटात कोणाकोणाकडे बदकं, कोंबड्या आहेत? मागच्या वर्षी किती दुखावल्या, कशामुळे?
२. पायाला धरून न उचलता बदक कसं धरायचं? एका ताईंनी करून दाखवावं.
३. अंगणात आणि नदीकाठी पडलेला धागा, तार, काच कोण आणि कधी उचलणार?
४. एकाच घरी तीन पक्षी एकदम मेले, तर पहिला फोन कोणाला?

तुमचे अनुभव ग्रामसंघाच्या बैठकीत माझ्याकडे द्या. माझ्यासारखी चूक झाली असेल तर तीही सांगा. त्यातून दुसऱ्या ताईचं बदक वाचेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक