हक्कदाराला बोलू द्या

अल्लाहने मानवाला ज्या असंख्य देणग्या दिल्या आहेत, त्यांपैकी वाणी ही एक थोर देणगी होय. सूरह अर्-रहमानच्या प्रारंभी मानवाच्या निर्मितीचा उल्लेख होताच त्याला बोलणे शिकविल्याचा उल्लेख येतो (५५:३-४). त्याच वाणीसंबंधी सूरह काफमध्ये सावधही केले गेले आहे की, मनुष्याच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द टिपून घेणारा निरीक्षक सदैव सज्ज असतो (५०:१८). म्हणजेच वाणी ही देणगीही आहे आणि अमानतही. तिचा वापर करण्याचा अधिकार आहे, तसा तिचा हिशेबही द्यावयाचा आहे.

या दोहोंपैकी एकच बाजू धरून ठेवली की समाजात बिघाड उत्पन्न होतो. काही लोक स्वातंत्र्याच्या नावाखाली कोणाच्याही अब्रूवर हात टाकतात. याउलट काही ठिकाणी साधा प्रश्न विचारणेही फितना ठरते. जमातीच्या बैठकीत एखाद्या तरुणाने हिशेब मागितला किंवा एखाद्या भगिनीने सासरच्या छळाविषयी तोंड उघडले, तर ‘गीबत करू नका’ असे म्हणून त्यांना गप्प बसविले जाते. म्हणून कोणाची वाणी रोखावी आणि कोणाची रोखू नये, हे कुरआन व हदीसच्या प्रकाशात समजून घेणे अगत्याचे आहे.

बोलण्याचा अधिकार

सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग उल्लेखिलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एका माणसाचा उंट देणे होता. तो मागावयास आला आणि कठोर भाषेत बोलला. उपस्थित सहाबा (रजि.) त्याला धडा शिकविण्यास पुढे सरसावले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले आणि ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, अशा आशयाचे फर्माविले. नंतर त्याला त्याच्या उंटापेक्षा चांगला उंट देण्यात आला. येथे ध्यानात घ्यावे की बोलणाऱ्याची भाषा सौम्य नव्हती आणि ज्यांना उद्देशून तो बोलत होता ते अल्लाहचे प्रेषित व मदीनेचे प्रमुख होते. तरीसुद्धा आधी त्याचा हक्क पाहिला गेला. त्याच्या स्वराचा हिशेब मागितला गेला नाही.

हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) यांचा प्रसंग याहून बोलका आहे. पतीने ‘जिहार’ केल्यामुळे, म्हणजे पत्नीला आईसमान म्हटल्यामुळे, त्यांचा संसार उद्ध्वस्त होऊ पाहत होता. त्या प्रेषितांशी (स.) पुनःपुन्हा वाद घालीत राहिल्या. त्यांच्या या तक्रारीवर दिव्य प्रकटन झाले, आणि अल्लाहने त्या स्त्रीचे म्हणणे ऐकले, या उल्लेखानेच सूरह अल-मुजादलाचा प्रारंभ होतो.

सूरह अन्-निसामध्ये तर नियमच सांगितला आहे: वाईट गोष्ट उघडपणे बोलणे अल्लाहला पसंत नाही, मात्र ज्याच्यावर अत्याचार झाला आहे तो याला अपवाद आहे (४:१४८). हजरत हिंद बिन्ते उत्बा (रजि.) यांनी आपले पती अबू सुफियान (रजि.) पुरेसा खर्च देत नाहीत अशी तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती गीबत ठरविली नाही. रीतीप्रमाणे स्वतःला व मुलांना पुरेल इतके घेण्याची त्यांनी परवानगी दिली. याच आधारे इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये ज्या सहा प्रसंगी पाठीमागे दोष सांगणे अनुज्ञेय आहे ते नोंदविले. अत्याचाराची दाद मागणे, वाईट थांबविण्यासाठी मदत मागणे, फतवा विचारणे आणि लोकांना अपायापासून सावध करणे हे त्यांपैकी आहेत.

वाणीची मर्यादा

मग बंदी कशावर आहे? सूरह अल-हुजुरातमध्ये उपहास, टोमणे, वाईट टोपणनावे, संशय, हेरगिरी आणि गीबत यांना मनाई केली आहे (४९:११-१२). त्याआधीच, वार्ता आली तर शहानिशा करून घ्या, असा आदेश आहे (४९:६).

या आदेशांचे मोल ‘इफ्क’च्या घटनेत दिसून येते. बनी मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना हजरत आयेशा (रजि.) हार शोधण्यासाठी मागे राहिल्या. तेवढ्यावरून दांभिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह बिन उबई याने त्यांच्यावर किटाळ रचले. जवळजवळ एक महिना ती अफवा मदीनेत फिरत राहिली. काही प्रामाणिक मुस्लिमांच्या तोंडीही ती आली. सूरह अन्-नूरने त्यांची कानउघाडणी केली की, ज्याचे ज्ञान नव्हते ते तुम्ही जिभेवर घेतले व क्षुल्लक समजलात, परंतु अल्लाहपाशी ते फार गंभीर होते (२४:१५). चारित्र्यावर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्यास ८० फटक्यांची शिक्षा ठरली (२४:४).

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. उंटवाल्याची भाषा कठोर होती, पण त्याची मागणी खरी होती. त्याला संरक्षण मिळाले. अफवा पसरविणाऱ्यांपाशी मात्र पुरावाच नव्हता. त्यांना रोखण्यात आले. यावरून स्पष्ट होते की इस्लामने वाणीवर घातलेली मर्यादा ही निर्दोषाची अब्रू वाचविण्यासाठी आहे, अधिकार असणाऱ्याला जाब विचारण्यापासून वाचविण्यासाठी नाही.

रोखण्याची रीत

रोखावयाचे झाले तरी त्यालाही सीमा आहेत. जेथे अल्लाहच्या वचनांची थट्टा चालली असेल तेथे श्रद्धावंतांनी विषय बदलेपर्यंत बसू नये, असा आदेश आहे (४:१४०). या ठिकाणी तुटून पडण्यास सांगितलेले नाही, उठून जाण्यास सांगितले आहे. तबूकच्या वेळी (हिजरी ९) एकाने गैरहजर असलेल्या हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांच्याविषयी अनुदार उद्गार काढले. तेव्हा हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी तेथल्या तेथे त्याला टोकले व कअब यांच्याविषयी आपल्याला भलेच ठाऊक असल्याचे सांगितले. एका वाक्याने काम भागले. ‘इफ्क’मध्ये सामील झालेल्या मिस्तह (रजि.) यांची मदत हजरत अबू बक्र (रजि.) यांनी बंद करण्याची शपथ घेतली, तेव्हा क्षमेचा उपदेश अवतरला (२४:२२) आणि ती मदत पुन्हा सुरू झाली. शासन झाले, पण माणूस समाजाबाहेर टाकला गेला नाही.

हजरत अली (रजि.) यांच्या खिलाफतीत खारिजी लोक कूफ्याच्या मस्जिदीत त्यांच्या भाषणात व्यत्यय आणीत. त्यांनी खारिजींना सांगितले की, आम्ही तुम्हाला मस्जिदीपासून रोखणार नाही, तुम्ही आमच्यासोबत आहात तोवर तुमचा वाटा बंद करणार नाही आणि तुम्ही लढाई सुरू करीपर्यंत तुमच्याशी लढणार नाही. खारिजींनी निरपराधांचे रक्त सांडले तेव्हाच नहरवानची लढाई झाली. शब्द आणि हिंसा यांतील सीमारेषा त्यांनी पुसू दिली नाही.

आपल्या देशाच्या कायद्यातही हा प्रश्न उभा राहिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दिली. दोघींना अटक झाली. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान देण्यात आले. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संदिग्ध असल्याने रद्द केले. चर्चा व मतप्रतिपादन वेगळे आणि चिथावणी वेगळी, हा भेद न्यायालयाने स्पष्ट केला. केवळ कोणाला त्रास वाटला म्हणून वाणी गुन्हा ठरत नाही.

आपले कर्तव्य

ज्यांच्या हाती बैठकीची सूत्रे आहेत, त्यांनी कोणाला गप्प करण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा मनुष्य आपला हक्क मागत आहे की दुसऱ्याची अब्रू घेत आहे? त्याच्यापाशी पुरावा आहे काय? आणि त्याच्या बोलण्याने निर्दोषाला इजा होते, की केवळ माझ्या पदाला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘माझ्या पदाला’ असे येत असेल, तर रोखणारा हात मागे घ्यावा.

बोलणाऱ्यांनीही सहीह मुस्लिममधील त्या दिवाळखोराची हदीस विसरू नये. तो नमाज, रोजे व जकात घेऊन कयामतच्या दिवशी हजर होईल; परंतु कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर तोहमत घेतलेली असेल. त्याची पुण्यकर्मे त्या लोकांना वाटली जातील आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्या माथी येतील.

मात्र पीडिताला गप्प बसविणाऱ्यालाही त्या दिवशी जाब द्यावा लागेल. अल्लाह आपणा सर्वांना सत्य बोलण्याचे धैर्य, सत्य ऐकण्याचे औदार्य आणि दुसऱ्याच्या अब्रूचे भान देवो. आमीन.