शेतात उतरलेली पेटी

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग : अनुवाद 22:1-3

शास्त्रभाग आधी मोठ्याने वाचावा. तीनच वचने आहेत. भाऊबंदाचा बैल किंवा मेंढरू भटकलेले दिसले तर पाहून न पाहिल्यासारखे करू नये, ते परत न्यावे, हे आपल्याला शब्बाथ शाळेपासून ठाऊक आहे. दुसऱ्या वचनाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मालक दूर राहत असेल, किंवा तो कोण हेच माहीत नसेल, तर? तर ते जनावर घरी आणून तो शोधत येईपर्यंत सांभाळायचे. म्हणजे चारापाणीही आपलेच. मग तिसऱ्या वचनात गाढव, वस्त्र आणि हरवलेली कोणतीही वस्तू येते.

ज्याला आपण ओळखत नाही त्याची वस्तू सांभाळायची ही आज्ञा किती दूरवर पोहोचते, हे समजण्यासाठी आपण हवामानाच्या फुग्याचे उदाहरण घेऊ.

अमेरिकेत काही सार्वजनिक ग्रंथालये गावकऱ्यांना जमवून असा फुगा सोडतात. थर्माकोलच्या पेटीत कॅमेरा, तापमान मोजणारे यंत्र आणि ठिकाण कळवणारे यंत्र ठेवतात. पेटीच्या वर पॅराशूट आणि त्याच्याही वर हेलियम भरलेला रबरी फुगा. दोरी धरायला शाळेची मुले असतात तशी आजी-आजोबाही असतात. फुगा मिनिटाला साधारण 300 मीटर वर चढतो. 30 किलोमीटर उंचीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याइतका उरतो, म्हणून फुगा फुगत फुगत शेवटी फुटतो. पेटी पॅराशूटने खाली येते, ती वारा नेईल तिथे. कधी मक्याच्या शेतात, कधी झाडाच्या शेंड्यावर. ठिकाण कळवणारे यंत्र बंद पडले तर सगळी भिस्त पेटीवरच्या चिठ्ठीवर असते: यात धोकादायक काही नाही, सापडल्यास कृपया कळवा.

पूर्वी तर या चिठ्ठीवाचून दुसरा उपायच नव्हता. 1892 पासून फ्रान्समध्ये हर्मित आणि बेझांसाँ यांनी माणूस न बसवता, केवळ यंत्रे बांधून फुगे सोडायला सुरुवात केली. यंत्राकडून रेडिओने खबर मिळण्याची सोय 1930 च्या सुमारास आली. तोवर यंत्र आपली नोंद स्वतःजवळच ठेवी आणि पेटी हाती येईपर्यंत शास्त्रज्ञाला काहीही कळत नसे. तेसरांक द बोर या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे दोनशेहून अधिक फुगे सोडले आणि 1902 मध्ये जाहीर केले की सुमारे 11 किलोमीटरच्या वर तापमान उतरायचे थांबते. शाळेत आपण स्थितांबर शिकतो, ते असे सापडले. शास्त्रज्ञाचे नाव पुस्तकात आले. ज्यांनी पेट्या न फोडता परत केल्या त्या माणसांची नावे कुठेच नाहीत, आणि त्यांच्यावाचून तर हा शोध लागलाच नसता.

आपल्या देशातही हे रोज चालते. नागपूर, मुंबई यांसारख्या केंद्रांवरून हवामान खाते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास फुगे सोडते. त्यांची माहिती रेडिओने येते. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था याहून कितीतरी मोठे फुगे सोडते, आणि त्यांची यंत्रे कधी महाराष्ट्राच्या हद्दीतही उतरू शकतात. संस्था सूचना काढते की पेटी उघडू नका, पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवा, प्रामाणिकपणे कळवणाऱ्यास बक्षीस व खर्च मिळेल. सूचना चांगली आहे. पण ज्या पाड्यावर वर्तमानपत्र जात नाही, जिथे घरात गोंडी किंवा माडिया बोलतात, तिथे ती कोण वाचून दाखवणार? अंधारात रंगीत कापड बांधलेली पेटी शेतात उतरली तर घाबरायचे की जवळ जायचे, हे त्या घराने कोणाला विचारायचे?

2 एप्रिल 2022 च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत आकाशातून एक मोठे धातूचे कडे पडले. ते फुग्याचे नव्हते. चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा असे जाणकार म्हणाले. गावाला आधी कोणीही काही सांगितले नव्हते. तरी ते कडे भंगारात गेले नाही, पोलीस ठाण्यात पोहोचले.

आता जरा आपल्याकडे वळू. आपल्या पत्रिकेत 'आम्ही दिले, त्यांना मिळाले' अशी वाक्ये फार येतात. मीही ती लिहिली आहेत. मोशेच्या या आज्ञेत मात्र हरवलेल्या वस्तूचा मालक सापडवणाऱ्याच्या दारी येतो आणि त्याच्या भलेपणावर अवलंबून असतो. फुगा सोडणारे विद्वान अशाच नात्याने एखाद्या शेतकऱ्याच्या दारी उभे असतात. जो पेटी सांभाळतो, त्याला तिच्यातून काय कळले हे सांगायला नको काय? पाऊस केव्हा, गारपीट येणार का, वीज पडण्याचा धोका आहे का, हे त्याच हवेचे ज्ञान आहे. शहरात ते मोबाइलवर लगेच मिळते, आणि रेंज नसलेल्या पाड्यावर मजूर भर वादळात झाडाखाली उभा राहतो.

गटात बोलण्यासाठी : आपण ज्या पाड्यांशी जोडलेले आहोत, तिथे हवामानाचा इशारा आज कोणत्या वाटेने आणि किती उशिरा पोहोचतो? तिथल्या सेवकांना विचारून पुढच्या बैठकीत सांगावे. त्या भाषेत चार ओळींची सूचना लिहून देणारा कोणी आपल्यात आहे का? आणि अशी एखादी वस्तू आठवा, जी पाड्यावरच्या कोणीतरी आपल्यासाठी सांभाळून ठेवली आणि जी आणायला आपण अजून गेलेलो नाही.