जुन्या माउंटन बाइकला मडगार्ड शोभतं का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. १९८९ सालची, सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक घेतली आहे आणि रोज तिच्यावरूनच कामाला जातो. पाऊस इथे पाचवीलाच पुजलेला, म्हणून मडगार्ड लावायचा विचार आहे. मित्र म्हणतात, या सायकलींना मुळात मडगार्ड नव्हतंच. लावलंस तर तिचं अस्सलपण जाईल. काय करू?

उत्तर : खुशाल लावा. फक्त फ्रेमला ड्रिल लावू नका.

मित्रांचं म्हणणं निम्मं खरं आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या श्विन सायकली डोंगरावर न्यायची. उतारावर जे खडखडेल ते काढून टाकायची : मडगार्ड, स्टँड, चेनकव्हर. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथे 'रिपॅक' शर्यत सुरू झाली. साधारण दोन मैलांत १३०० फूट उतार. उलट्या पॅडलने लागणारा ब्रेक एवढा तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं. पुढे जो ब्रीझ यांनी डोंगरासाठी खास फ्रेम बांधली, १९८१ मध्ये स्टम्पजंपर नावाची माउंटन बाइक बाजारात आली, आणि मडगार्ड नसणं ही या सायकलींची ओळखच झाली. पण ही रीत कोरड्या, धुळीच्या वाटांवर पडली.

तुमच्या इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथे जेफ ॲप्स यांनी चिखल डोळ्यांसमोर ठेवून सायकल घडवली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या त्यांच्या क्लेलँड सायकलींना मडगार्ड पहिल्यापासूनच होतं. म्हणजे माउंटन बाइकच्या घराण्यात मडगार्ड काही उपरं नाही.

आता एक करून बघा. पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि हँडल अगदी सावकाश फिरवा. हाताला बारीक करकर लागली तर चिमट्याच्या वरच्या, हँडलच्या खालच्या कपात वाळू गेली आहे. मडगार्ड नसेल तर पुढच्या चाकाने उडवलेलं घाण पाणी नेमकं तिथेच बसतं. छर्रे झिजतात, कपाला खड्डे पडतात. चेनचीही तीच गत.

लावताना आधी चिमट्याच्या टोकाशी आणि मागच्या एक्सलजवळ बोल्टची भोकं आहेत का पाहा. त्या काळच्या बऱ्याच फ्रेमना ती असतात. नसतील तर नळीभोवती बसणारी, रबरी अस्तराची क्लिप वापरा, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही. दोन इंची टायर साधारण ५० मिलिमीटर रुंद असतो, त्याला मडगार्ड निदान ६० चं हवं. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर फट ठेवा. पुढच्या मडगार्डच्या सळ्या झटक्यासरशी सुटणाऱ्या घ्या. काटकी अडकून चाक जाम झालं तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. चिखलाच्या जंगलवाटेवर जाणार असाल त्या दिवशी मात्र मडगार्ड उतरवून ठेवा, कारण त्या फटीत चिखल ठासून बसतो.

सायकल नुसती प्रदर्शनात मांडायची असती, तर ती कारखान्यातून निघाली तशीच ठेवा म्हटलं असतं. तुमची रोज पावसात कामाला जाते. मडगार्ड दहा मिनिटांत काढता येतं. खड्डे पडलेला कप पुन्हा गुळगुळीत होत नाही.