धाब्याचा कठडा : पावसाळ्यातील आरोग्याविषयी एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : अनुवाद २२.८, २ राजे २०.१–७

मोशेच्या नियमशास्त्रात नवे घर बांधणाऱ्यास अशी आज्ञा आहे की, त्याने धाब्याला कठडा करावा. तो न केल्यामुळे कोणी वरून पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या खेड्यांत जुनी घरे कौलारू, धाब्यावर निजण्याचा प्रघात नाही. म्हणून कित्येक वाचक हे वचन ओलांडून पुढे जातात. परंतु कोणी पडण्यापूर्वीच कठडा झाला पाहिजे, आणि आजवर कोणी पडले नाही ही सबब चालावयाची नाही, हे त्या आज्ञेतील मर्म आहे. ते आपल्या देहास लावून पाहू.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, टिटवाळा व वासिंद ह्यांच्यामध्ये, भातसा नदीच्या काठी खडवली हे गाव आहे. पावसाळ्यात नदी भरते, खाचरे तुडुंब होतात, आणि चिखलणीपासून आवणी उरकेपर्यंत स्त्रीपुरुष दिवसदिवस गुडघाभर चिखलात उभे असतात. पाय भिजून पांढरे पडतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, दगडाने वा काट्याने खरचटते. ह्याकडे कोणी दुखणे म्हणून पाहत नाही. एका घातक तापाची वाट मात्र तेथूनच आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढे इलाखाभर पसरला, तेव्हा घरात उंदीर मरून पडला की लोक घर सोडून रानात झोपड्या घालीत. उंदीर स्वतः मरून माणसास इशारा देत असे. लेप्टोस्पायरोसिस, ज्यास लोक थोडक्यात लेप्टो म्हणतात, त्या रोगात तसा इशारा मिळत नाही. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर धष्टपुष्ट फिरतो आणि त्याच्या मुतातून ते पाण्यात व चिखलात उतरतात. गुरे, डुकरे व कुत्री ह्यांच्याकडूनही ते येतात. जखमेतून, भिजून मऊ झालेल्या कातडीतून, डोळ्यांतून किंवा तोंडातून ते माणसाच्या अंगात शिरतात. जर्मन वैद्य वाइल ह्याने १८८६ साली ह्या रोगाचे वर्णन केले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पूर ओसरल्यावर त्या शहरात ह्याच तापाची साथ उठली.

चिखलात उतरल्यावर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. कधी महिनाही लोटतो. थंडी, डोकेदुखी, डोळ्यांस लाली, आणि पोटऱ्या दाबल्या तर सहन होऊ नये अशी वेदना, ही त्याची चिन्हे. आवणीने अंग दुखणारच, असे म्हणून दोन दिवस जातात. मग डोळे पिवळे होतात आणि घरचे लोक काविळीची माळ घालावयास किंवा कावीळ उतरविणाऱ्याकडे नेतात. ह्या घटकेविषयी आम्हांस विशेष कळकळीने सांगावयाचे आहे. तापासह आलेली कावीळ माळेने उतरत नाही. तेवढ्यात मूत्रपिंडे बंद पडतात किंवा फुप्फुसांत रक्त उतरते. पहिल्या दिवसांतच ओळख पटली तर पेनिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन ह्यांसारख्या साध्या औषधाने बहुतेक रोगी बरे होतात.

येथे कठडा तो कोणता? गमबूट मिळाला तर उत्तम, परंतु आवणीच्या चिखलात तो रुतून बसतो हे आम्ही जाणून आहो. निदान जखम असेल तर ती झाकून शेतात उतरावे, परतल्यावर स्वच्छ पाण्याने व साबणाने पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करावी, धान्य व उष्टे झाकून ठेवावे, पाणी उकळून प्यावे. जेथे साथ आहे तेथे चिखलात राबणाऱ्यांस आठवड्यातून एकदा घ्यावयाची डॉक्सिसायक्लिन डॉक्टर देतात. ती गरोदर स्त्रीस व लहान मुलास चालत नाही. म्हणून शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये.

उंदराप्रमाणेच इशारा न देणारा दुसरा वैरी रक्तदाब होय. तो वाढला तरी माणूस नांगर धरतो, भजन म्हणतो, आणि एके दिवशी पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने पडतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० एवढा वारंवार येऊ लागला तर उपचार पाहिजे. पावसाळ्यात ताजी भाजी थोडी आणि खारी मासळी, लोणचे व पापड पुष्कळ, हा आपल्या कोकणपट्टीचा रिवाज. दिवसभरात सर्व मिळून मीठ लहान चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत असावे; खारी मासळी शिजविण्यापूर्वी भिजवून ते पाणी फेकून द्यावे. मशेरी व तंबाखू ह्यांनीही हृदयास अपाय होतो. दारू सोडलेल्या घरातही मशेरीची डबी निर्धास्त उघडते, हे आम्हांस नवल वाटते.

कित्येक बंधुभगिनी रक्तदाबाची गोळी काही महिने घेतात व बरे वाटले म्हणून थांबवितात. कोणी म्हणतात, प्रार्थना झाली, आता गोळी घेणे हा अविश्वास होय. त्यांनी हिज्कीया राजाचा वृत्तांत वाचावा. त्याची प्रार्थना ऐकली आहे असे देवाने कळविल्यावरही यशयाने अंजिरांची चकती आणवून त्याच्या गळवावर बांधविली. मिरजेस १८९४ साली डॉ. वानलेस ह्यांनी रुग्णालय उघडले, तेथेही प्रार्थना व शस्त्रक्रिया एकाच छपराखाली चालत. बरे वाटते ते गोळीमुळे. ती थांबविली की दाब पुन्हा चढतो.

आणखी एक गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. इन्फ्लुएंझाचा ताप आल्यावर पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव पुष्कळ वाढतो. म्हणून ज्यांस हृदयाचा विकार आहे व जे वृद्ध आहेत, त्यांनी त्या तापाची लस दरवर्षी घेण्याविषयी डॉक्टरांस विचारावे, आणि तापातही रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. छाती दाबल्यासारखी होऊन वेदना हातात किंवा जबड्यात जाऊ लागली, घाम सुटला, दम लागला, तर वात किंवा पित्त म्हणून सुंठ चाटीत बसू नये. १०८ वर दूरध्वनी करावा. स्त्रियांत कधी छातीत दुखतच नाही, नुसती धाप व मळमळ होते.

उपदेशक बंधूंस विनंती की, आवणीपूर्वीच्या एखाद्या रविवारी उपासनेनंतर हा पाठ वाचावा. तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मोजतात. मंडळीतील ज्यांनी कधीच मोजविला नाही त्यांस सोबत घेऊन जावे, आणि प्रथम स्वतःचा मोजवून घ्यावा. पुढे कोणाच्या घरी तापकरी पडला असता भेटीस गेलात, तर प्रार्थनेबरोबर हेही विचारा की, गेल्या महिन्यात तो चिखलात किंवा पुराच्या पाण्यात उतरला होता काय. होय म्हणाला, तर त्याच दिवशी त्यास आरोग्य केंद्रात न्यावे व डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ही गोष्ट त्यांस आपण होऊन सांगावी.