धम्मपाठ : मरणोन्मुख सशाची सेवा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे पूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी तेरावी प्राणिमात्रांवरील दयेची आहे. घरातला पाळीव ससाही तिच्यात येतो.

ससा अर्धा दिवस उपाशी राहिला तरी त्याचे आतडे मंदावून जीव धोक्यात येतो. अंग आखडून दात करकर वाजविणे ही वेदनेची खूण. अशा वेळी जनावरांच्या डॉक्टरास ताबडतोब दाखवावे. गवत-पाणी तोंडाशी ठेवावे. अंथरूण कोरडे ठेवावे.

"त्याने मागल्या जन्मी पाप केले का?" माझ्या मुलीने विचारले.

"नाही बाळ. देह झिजतो, हा अनित्यतेचा नियम आहे, शिक्षा नव्हे."

म्हणून नवस-अंगारा नको. शेवटच्या श्वासापर्यंत सेवा, हीच मैत्री. जयभीम!