लेकरू सांगणार नाही

अणदूर, ता. तुळजापूर

चि. सुजाता,


गावची आशा कार्यकर्ती म्हणून तुझी निवड झाल्याचं दादाने फोनवर सांगितलं, फार बरं वाटलं. रजिस्टर, वजनकाटा, गोळ्या हे सगळं प्रशिक्षणात शिकवतील. हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथे आम्हा खेड्यातल्या बायकांना भारतवैद्य, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं, तेव्हापासून घरोघर फिरताना जे मनात पक्कं बसलं, त्यातलं डोळ्यांपुरतं लिहिते.

पोट दुखलं की लेकरू रडतं. नीट दिसत नसेल तर मात्र ते काही बोलत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं ते धरून चालतं. म्हणून बघायचं काम आपलं, आणि तेही वेळेत.

सगळ्यात आधी कमी दिवसांची बाळं. त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. दवाखान्यात काचेच्या पेटीत ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळात त्या वेड्यावाकड्या वाढून पडदा सुटू शकतो. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. बाळ दोन किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्याच्या डॉक्टरने बाहुली मोठी करून पडदा बघायलाच हवा. २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

आता अडचण बघ. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही, आणि डोळ्याची मुदत त्याआधीच संपते. म्हणून तिसऱ्या दिवसाच्या गृहभेटीतच कार्डावरचं वजन बघ, डोळे तपासायची तारीख काढ आणि आधी सासूशी बोल. सुनेला बाहेर काढायचा शब्द घरात तिचाच चालतो. तिच्या रीतीला नावं ठेवू नकोस. दवाखान्यात तुम्हीही चला, बाळ तुमच्या मांडीवर राहू द्या, असं म्हण.

पुढच्या भेटींत बाळाला उजेडाकडे घेऊन डोळे बघ. काळी बाहुली पांढुरकी दिसली तर मोतीबिंदू असेल, कधी डोळ्यातली गाठही असते. ती जिवावर बेतते. बुबुळ मोठं, धुरकट असेल आणि उजेडात बाळ डोळे मिटत असेल, तर काचबिंदूची शंका घे. यातलं काही दिसलं की त्याच आठवड्यात पाठव. काजळ, मध, अंगावरचं दूध डोळ्यात घालू देऊ नकोस. तीन महिन्यांचं बाळ हलणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवत नसेल, तर तेही दाखव.

तिरळेपणाला लोक भाग्याचं लक्षण म्हणतात. पण चार महिन्यांनंतरही नजर तिरळी राहिली तर डॉक्टर गाठायचा. तिरळ्या किंवा जास्त नंबरच्या डोळ्याचं चित्र मेंदू घेईनासा होतो. सहा-सात वर्षांच्या आत चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून त्या डोळ्याला कामाला लावता येतं. पुढे ते अवघड होत जातं. एक सोपी खूण सांगते: लेकराचा एकेक डोळा हाताने झाक. एकच डोळा झाकल्यावर ते चिडून हात ढकलत असेल, तर दुसरा अधू असू शकतो.

थोड्या मोठ्या लेकरांच्या आयांना विचार, दिवेलागणीला अंगणात अडखळतं का? असा रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याने येतो, म्हणून नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत सहा-सहा महिन्यांनी त्याचा डोस चुकवू नकोस.

२०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पण दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पथकाच्या यादीत त्या लेकरांपुढे ‘गैरहजर’ लागतं. टोळी निघायच्या आधी त्यांना आरोग्य केंद्रात दाखवून आण.

पोरीला चष्मा लागला की लग्नाचं कसं, म्हणून आई तो पेटीत ठेवते. तिला सांग, फळा दिसला तर पोरगी शिकेल. आणि डॉक्टरकडे पाठवायची चिठ्ठी हातात दिली म्हणजे काम झालं असं धरू नकोस. डॉक्टरांनी बघितल्याचा कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नावापुढे खूण करायची नाही.

रुजू झालीस की फोन कर. पण त्याआधी गावात कमी वजनाची बाळं किती आहेत ते बघ आणि त्यांच्या तारखा काढून ठेव.

तुझी,
आत्या